नोकरीच्या परीक्षेतले गेम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेगाव, चिखली, मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आयटी भरतीला बसणाऱ्या मुलांपुढे आता प्रश्नपत्रिकेसोबत गेमही येऊ शकतो. युनिलिव्हरने 2016 च्या सुमारास नवपदवीधरांच्या निवडीत असे गेम आणले. भारतात कॅपजेमिनीच्या फ्रेशर भरतीतही गेमवर आधारित चाचणी असते. तिच्याविषयी चुकीच्या समजुती मात्र बऱ्याच आहेत.

गैरसमज : मोबाइलवर रात्रंदिवस गेम खेळणाऱ्यांनाच हे जमते.

वस्तुस्थिती : इथे नेमबाजी किंवा शर्यत नसते. एक नमुना पाहा. वर क्रमाने त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, फुली. खाली तीच चिन्हे चौकोन, त्रिकोण, फुली, वर्तुळ अशी येतात. हा बदल कोणत्या आकड्याने झाला? उत्तर 3142, कारण वरचे तिसरे चिन्ह आधी आले, मग पहिले, चौथे आणि दुसरे. कागदावर हे कुणालाही सुटेल. कस लागतो तो घड्याळासमोर डोके शांत ठेवण्याचा.

गैरसमज : ही जन्मजात हुशारी आहे, सराव करून उपयोग नाही.

वस्तुस्थिती : चाचणीचा प्रकार ओळखीचा झाला की गुण वाढतात. पहिल्यांदाच गेम पाहणाऱ्याचा निम्मा वेळ नियम समजण्यातच जाऊ शकतो. घरी रेंज टिकत नसेल तर सराव आणि परीक्षा, दोन्हींसाठी कॉलेजची लॅब गाठा.

गैरसमज : गेममध्ये मागे पडलो, म्हणजे आपली लायकीच नाही.

वस्तुस्थिती : गेम स्मरणशक्ती, एकाग्रता, वेग किंवा जोखीम घेण्याचा कल मोजतो. 2002 मध्ये मांडलेल्या फुग्याच्या चाचणीत प्रत्येक पंपाला पैसे वाढतात आणि फुगा फुटला की त्या फुग्याचे पैसे जातात. कुठे थांबायचे, यातून स्वभावाचा एक पैलू कळतो. विषयाचे ज्ञान, चिकाटी, माणसे सांभाळण्याची हातोटी त्यात दिसत नाही. निकालाकडे स्वतःला ओळखण्याचे एक साधन म्हणून पाहा. मॅरियट या हॉटेल कंपनीने 2011 मध्ये हॉटेलचे स्वयंपाकघर चालवण्याचा गेम काढला. हे काम आपल्याला रुचेल का, हे त्यातून तरुणांना आधीच पारखता येई.

गैरसमज : नोकरीचा गेम खेळायला आधी पैसे भरावे लागतात.

वस्तुस्थिती : खरी कंपनी चाचणीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ‘रिचार्ज करा, टास्क पूर्ण करा, नोकरी पक्की’ असा मेसेज आला तर ती फसवणूक समजा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदीच घातली आहे. फसवणुकीत पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना कळकळीची विनंती : भरतीच्या महिनाभर आधी प्रत्येक विद्यार्थ्याला हे गेम लॅबमध्ये दोनचारदा खेळू द्या. केवळ ओळख नसल्यामुळे हुशार मूल पहिल्याच फेरीत गळणे, हे सहज टाळता येण्यासारखे नुकसान आहे.