परदेशी प्रबंध आणि घरचा विषय

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेस, प्रवरेच्या पाटपाण्यावर, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व 1950 च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी-जामखेडकडील अवर्षणप्रवण टापूत मात्र दसरा-दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. अशाच एका घरातील, नगरला राहून एलएल.एम. झालेल्या मुलीला परदेशी विद्यापीठात विधिशास्त्राची पीएच.डी. करावयाची होती, आणि माझे आयुष्य कायदा शिकविण्यात गेले असल्यामुळे तिच्या संशोधन-आराखड्याचे खर्डे तपासण्याचे काम मजकडे आले.

इंग्लंडातील विद्यापीठांत विधिशास्त्राच्या पीएच.डी.चा प्रवेश बव्हंशी या आराखड्यावरच अवलंबून असतो. आपला प्रश्न कोणता, त्यावर आजवर कोणी काय म्हटले आहे, त्यात उणीव कोठे राहिली आणि ती आपण कोणत्या पद्धतीने भरून काढणार, हे सारे मोजक्या पानांत असे मांडावयाचे, की हजारो मैलांवरच्या अनोळखी प्राध्यापकाला या विद्यार्थिनीसाठी आपली तीन-चार वर्षे द्यावीशी वाटावीत. तिचा पहिला खर्डा ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या आणि कायदा’ या मथळ्याचा होता. त्यातील प्रत्येक वाक्य तिने जगलेले होते. पालावरचा अंधार, फडातली थंडी, अर्ध्यावर सुटणारी शाळा, सारे त्यात होते. पण विद्यापीठ ज्याला प्रश्न म्हणते तो मात्र त्यात नव्हता. मी समासात एवढेच लिहिले : ‘या बाबतीत न्यायालयासमोर नेमका कोणता मुद्दा निर्णयासाठी ठेवावयाचा?’

त्या मुद्द्यापर्यंत ती आली ती पुस्तकातून नव्हे, एका कागदावरून. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एका जुन्या करारनाम्याची झेरॉक्स तिने माझ्यापुढे पसरली. त्यावर उचलीची रक्कम होती, हंगामाची मुदत होती, वडिलांचा अंगठा होता, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. आईचे नाव कोठेही नव्हते. मात्र रक्कम लिहिली होती ती एका पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांच्याही श्रमांची. वडिलांच्या अंगठ्यावर आपले बोट ठेवून ती म्हणाली, ‘सर, हे कर्ज आईवर आहे की नाही? ती तोडणी सोडून घरी आली असती, तर कायद्याने तिला कोणी अडवलं असतं का?’ मी तिला म्हटले की आराखड्याचे पहिले वाक्य हेच आहे; बाकीचे सारे याच्या आधाराला लिही.

पुढचे खर्डे मग झरझर सुधारत गेले. वेठबिगारीला मनाई करणारे संविधानाचे तेविसावे कलम. वेठबिगारी नष्ट करणाऱ्या 1976 च्या कायद्यातील अग्रिमाची व्याख्या. किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करावे लागणारे काम हेही वेठीचेच श्रम होत, असे सांगणारा एशियाड प्रकरणातील 1982 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. आणि सक्तीचे श्रम सिद्ध झाले की त्यामागे अग्रिम असल्याचे न्यायालय गृहीत धरील, असे म्हणणारा बंधुआ मुक्ती मोर्चा प्रकरणातील निवाडा : हे टप्पे तिने क्रमाने मांडले आणि शेवटी विचारले, की जिने करारावर अंगठाच उमटविलेला नाही, तिच्या श्रमांना हे गृहीतक कसे लागू होईल? एका विद्यापीठाने तो आराखडा स्वीकारला, तेव्हा मला खरोखर धन्य वाटले.

पैशाची बाजू निराळी. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाचा खर्च मिळतो. अर्जासोबत उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, अशी कागदपत्रे जोडावी लागतात. तहसील कचेरीपासून पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयापर्यंतचा हा मार्ग आहे, आणि चिकाटी असली तर तो पार पडतो. अशा शिष्यवृत्त्यांत भूमिहीन घराला जड जाते ते जामीनपत्र, कारण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्यासाठी ऐपतदार माणसाने उभे राहावे लागते. चीनमध्ये 1996 साली स्थापन झालेली शिष्यवृत्ती परिषद कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना युरोपात डॉक्टरेटला पाठविते, तेव्हा तीही करार लिहून घेते, जामीनदार मागते आणि परतून दोन वर्षे देशात सेवा करण्याचे बंधन घालते. सरकारी पैशाने परदेशी जाणाऱ्यावर असे बंधन असावे, यात मला गैर वाटत नाही.

आपल्याकडील अशा कराराचे सर्वांत थोर उदाहरण 4 जून 1913 चे आहे. त्या दिवशी भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला, की शिक्षण संपल्यावर आपण संस्थानाची दहा वर्षे नोकरी करू. आणि दरमहा साडेअकरा पौंडांच्या त्या विद्यावेतनावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी एम.ए.साठी जो प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर व वित्तव्यवहारावर. 9 मे 1916 रोजी जो निबंध वाचला तो भारतातील जातिसंस्थेवर. आणि पुढे ज्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली तो प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवर. सयाजीराव महाराजांच्या दरबाराने त्यांना परदेशी जाऊन स्वदेशाचा अभ्यास करू नका, असे सांगितले नाही.

म्हणूनच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीविषयी स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. 1954-55 पासून चालत आलेल्या या योजनेत अनुसूचित जातींबरोबरच विमुक्त व भटक्या जमातींना, भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही जागा आहेत, ही तिच्या मोठेपणाची खूण आहे. परंतु 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे संशोधनविषय योजनेबाहेर ठेवले. या अटीच्या छायेत ऊसतोडीच्या कराराचा अभ्यास सामाजिक अध्ययन ठरेल की निव्वळ विधिशास्त्र, याचा निर्णय अर्ज तपासणाऱ्याच्या मतावर राहतो, आणि इतक्या अनिश्चिततेवर पाथर्डीच्या मुलीने आपले वर्ष लावावे, असा सल्ला मी तिला देऊ शकलो नाही. तिने राज्याच्या योजनेकडेच अर्ज केला.

भारतविषयक अध्ययनाची साधने भारतातच आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण काय, असे या अटीच्या समर्थनार्थ म्हटले जाते. साधने येथे आहेत हे खरेच. तो करारनामा येथलाच आहे. पण वेठीचे श्रम कशाला म्हणावे याचा तौलनिक विचार, इतर देशांच्या न्यायालयांनी केलेली मीमांसा आणि आपल्या मताला न जुमानता ते तपासणारा मार्गदर्शक ही सामग्री जेथे असेल तेथे जाऊनच मिळवावी लागते. भूमिहीन मजुराच्या मुलीला जागा देऊन तिचा विषय नाकारणारी ही अट सामाजिक न्याय मंत्रालयाने नियमावलीतून काढून टाकावी, आणि जिल्ह्याजिल्ह्यातील विधी महाविद्यालयांच्या अध्यापकांनी तशी लेखी मागणी मंत्रालयाकडे करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.