पुरवणी कार्ड आणि आपली पत

करकंबच्या बाजारात पत म्हणजे माणसाचा शब्द, हे आपणांस सांगावयास नको. आज ती नोंदीवर ठरते. २००५ च्या कायद्यान्वये बँका कर्जफेडीची माहिती पतमाहिती कंपन्यांस कळवितात.

वडिलांच्या क्रेडिट कार्डावर मुलाने पुरवणी कार्ड घेतले आणि बिल थकले, तर देणे कोणाचे? रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ते मूळ कार्डधारकाचेच. मुलगा केवळ अधिकृत वापरकर्ता होय. जामीनदाराची गोष्ट निराळी. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते.

म्हणून अहवालात आपले नाव कोणत्या नात्याने पडले आहे, हे आधी पाहावे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक अहवाल विनामूल्य मिळतो. वापरकर्त्याऐवजी संयुक्त ऋणको अशी नोंद असेल, तर मुलाला उद्या ठिबकासाठी कर्ज मिळणेही कठीण व्हावयाचे. अशा वेळी बँकेशी हुज्जत घालीत बसू नये. कार्डाच्या अर्जाची प्रत जोडून लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. चूक दुरुस्त करून मागणे हा आपला हक्क आहे. तो बजावण्यास संकोच कसला?