टीव्ही चांगला, नेट चांगलं, मग चित्र अंधुक का?

नवा ५५ इंची फोर-के टीव्ही भिंतीवर चढतो, नेटवाला १०० एमबीपीएसचं कनेक्शन जोडून जातो, आणि तरीही ओटीटीवरचा सिनेमा अंधुक दिसतो. घरात मग दोनच संशयित उरतात: टीव्ही, नाहीतर नेट. राउटर बंद-चालू होतो, नेटवाल्याला फोन जातो, कुणीतरी आणखी महागडा प्लॅन सुचवतं. खरं तर बिघाड कुठे आहे, हे बरेचदा चित्रच सांगत असतं. ते कधी बिघडतं, कशावर बिघडतं आणि कसं बिघडतं, एवढंच नीट पाहायचं.

त्याआधी चित्र घरात येतं कसं, ते बघू. ओटीटी कंपनीच्या सर्व्हरवर एकाच सिनेमाच्या अनेक प्रती असतात: काही हलक्या, काही ठसठशीत. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. मागचा तुकडा किती वेगाने आला आणि पुढचा साठा किती शिल्लक आहे, हे टीव्हीवरचं ॲप सतत मोजतं. वेग घसरला की ते पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागवतं. पूर्वी अशा वेळी पडद्यावर चक्र फिरत बसायचं. आता सिनेमा थांबत नाही, फक्त धूसर होतो. सुरुवातीचे काही सेकंद चित्र अंधुक दिसून मग स्वच्छ होत असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. ॲप वेगाचा अंदाज घेत असतं.

आता पहिला प्रश्न: कधी? दुपारी लख्ख आणि रात्री नऊला धूसर, असं होत असेल तर दोष वाटेत आहे. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे १००चं कनेक्शन भरपूर झालं. पण तो वेग राउटरपाशी असतो. राउटर दाराजवळ, टीव्ही दोन भिंतींपलीकडे, आणि सोसायटीत शेजारच्या सगळ्या घरांचे वायफाय. २.४ गिगाहर्ट्‌झचा वायफाय लांबवर पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन. रात्री सगळ्यांची तिथेच दाटी होते. ५ गिगाहर्ट्‌झचा वायफाय वेगवान, मात्र भिंती त्याला सोसत नाहीत. म्हणून वेग मोजायचा तो टीव्हीपाशी. टीव्हीच्या ब्राउझरवर वेग मोजणारं फास्ट डॉट कॉम उघडा, नाहीतर फोन टीव्हीला लावून धरा आणि त्यावर मोजा. सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर. वायर लावताच चित्र सुधारलं, तर दोष वायफायचा.

थेट सामन्याचं गणित थोडं वेगळं. सिनेमाचे पुढचे तुकडे आधीच आणून ठेवता येतात. जो चेंडू अजून पडलाच नाही, तो कुठून आणणार? साठा तुटपुंजा, त्यामुळे वेग जरा डगमगला तरी चित्र लगेच उतरतं. शिवाय गर्दी. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक हॉटस्टारवर होते.

दुसरा प्रश्न: कशावर? यूट्यूब स्वच्छ आणि एकच ॲप सदैव अंधुक, तर नेटला दोष देऊ नका. आधी प्लॅन बघा. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पीपर्यंतच चित्र देतो. फोर-के पडद्यावर त्यातला एक ठिपका नऊ ठिपक्यांची जागा भरतो, मग कडा मऊ दिसणारच. खात्याच्या सेटिंगमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय कुणी चालू करून ठेवला आहे का, तेही पाहा. स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स जोडला असेल, तर त्याला वाइडवाइन एल-वन ही चोरीविरोधी सोय आहे का, ते तपासा. ती नसेल तर अनेक ॲप एचडी चित्र सोडतच नाहीत. प्लॅन कितीही मोठा असो.

तिसरा प्रश्न: कसं? सेट-टॉप बॉक्स, पेनड्राइव्ह, ओटीटी, सगळंच विचित्र दिसत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरा. माणसांभोवती पांढरी रेघ दिसते? शार्पनेस जास्त आहे. तो कमी करा. महागडा सिनेमा टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो? सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच बनवून भरतो. ही सोय बंद करा, असं टॉम क्रूझने डिसेंबर २०१८मध्ये व्हिडिओ काढून प्रेक्षकांना सांगितलं होतं. दुकानात नजर खेचणारा ‘व्हिव्हिड’ मोड घरी बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावला, की यातले बरेच दोष एकदम जातात.

एका दोषावर मात्र घरात उपाय नाही. जुना मराठी चित्रपट कुणीतरी व्हीसीडीवरून यूट्यूबवर चढवलेला असतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर त्यातल्या एका ठिपक्याला ऐंशीहून अधिक ठिपके व्यापावे लागतात. असा चित्रपट फोनवरच बरा दिसतो.

एवढं करूनही रात्री नऊला, लॅनची वायर लावलेली असताना, टीव्हीपाशी ५ एमबीपीएससुद्धा मिळत नसतील, तर नेटवाल्याला फोन जरूर करा. तेव्हा ‘चित्र नीट दिसत नाही’ असं मोघम सांगू नका; वेळ, वेग आणि ‘वायर लावून मोजलंय’ हे तिन्ही सांगा. ‘राउटर रीस्टार्ट करून बघा’ हे उत्तर मग चालत नाही.