स्पॉयलर राहू दे, आधी ब्रेक बघा!

ग्रुप जमला, बाबांची स्विफ्ट मिळाली, चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर दिवसही बुक झाला? मग स्पॉयलरचे पैसे ब्रेकवर घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते जुनं असेल तर सलग लॅप्सच्या उष्णतेत त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाऊ शकतं, तेही ऐन वळणावर! ताजं डॉट ४ भरा, चाक काढून पॅड किती उरलेत तेही बघा. नट टॉर्क रेंचनेच आवळा. फूटमॅट, जॅक, डॅशबोर्डवरचा बाप्पा, सगळं बाहेर (बाप्पा खिशात चालेल). ट्रॅकवरचं नुकसान इन्शुरन्समध्ये सहसा बसत नाही, हे बाबांना निघण्याआधीच सांगा. शेवटचा लॅप हळू मारा, ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. घरी याच गाडीने यायचंय ना?