आधी लंगोट बघा

‘आईने अर्धे यकृत दिले, बाळाला जीवदान’ अशी बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेल्या हातांचा पूर येतो. आईचे कौतुक हवेच, पण त्यातले ‘अर्धे’ बहुधा खरे नसते. तान्ह्याला यकृताच्या डाव्या कडेचा तुकडा, साधारण पाचवा-चौथा हिस्सा, पुरतो. आणि आईचे यकृत पालीच्या शेपटीसारखे पुन्हा उगवते, हेही खरे नाही. कापलेला भाग गेला तो गेलाच. उरलेला भाग पेशी वाढवून भरपाई करतो. वजन परत येते, जुना आकार नाही.

बातमी एक प्रश्न मात्र विचारतच नाही. एवढ्याशा बाळाचे यकृत बिघडले कशाने?

बहुतेक वेळा उत्तर असते बिलिअरी अ‍ॅट्रेझिया. यकृताबाहेरच्या पित्तनलिका आकसून बंद होतात, पित्त आतच तुंबते, बाळाला कावीळ होते आणि काही महिन्यांत यकृत निबर होते. डेन्व्हरमध्ये १९६३ साली थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचे पहिले यकृत प्रत्यारोपण केले, ते याच आजाराच्या तीन वर्षांच्या मुलावर. रक्तस्रावाने तो टेबलावरच गेला. दिल्लीत १९९८ साली भारतातले लहान मुलावरचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले, तेव्हाही आजार हाच होता. वडिलांनी यकृताचा तुकडा दिला आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

पण मला ओढ आहे ती मोरिओ कासाई यांच्या गोष्टीची. १९५५ साली जपानमधल्या सेंदाईत त्यांनी अशाच एका बाळाचे पोट उघडले. नलिका सापडेना. शोधाशोधीत यकृताच्या तोंडाशी रक्त वाहू लागले, थांबेना. शेवटी त्यांनी आतडे ओढून त्या जखमेवर बसवले. हेतू एवढाच, की रक्त थांबावे. काही दिवसांनी बाळाची शी पिवळी दिसली! डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्यांतून पित्त आतड्यात पाझरत होते. कासाईंनी हे १९५९ मध्ये जपानीत छापले, इंग्रजीत यायला १९६८ उजाडले आणि पाश्चात्त्य सर्जन त्यानंतरही बराच काळ नाक मुरडत राहिले. (हा गृहस्थ गिर्यारोहकही होता, तिबेटातल्या मोहिमेचा नेता! चिकाटी तिथलीच असावी.)

कासाईंचे ऑपरेशन हा कायमचा इलाज नव्हे. पुष्कळ मुलांना पुढे प्रत्यारोपण लागतेच. पण मध्ये वर्षे मिळतात, मूल वाढते, काहींचे स्वतःचे यकृत टिकते. अट एकच, ते लवकर व्हावे, शक्यतो साठ दिवसांच्या आत.

नेमके हेच दिवस आपल्याकडे ‘कोवळ्या उन्हात ठेवा’ आणि ‘काविळीची माळ घाला’ यात जातात. बाळ तर गुटगुटीत दिसते, दूध पिते, शंका कोणाला येणार? कावीळ चौदा दिवसांपुढे रेंगाळली आणि शी पांढुरकी, मातकट होऊ लागली, तर ऊन पुरे. रक्तातले डायरेक्ट बिलिरुबिन तपासायला हवे.

तैवानने २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचे कार्ड घातले. आईने लंगोट कार्डाशेजारी धरायचा, रंग फिका वाटला तर फोन करायचा. साठ दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचे प्रमाण तिथे वाढले. रोबोटिक शस्त्रक्रियेच्या पानभर जाहिरातींत असल्या कागदाला कोण विचारतो म्हणा!

आपल्या आशाताई नवजात बाळाला घरी जाऊन बघतात. वजन करतात, ताप बघतात. नवजात बाळासाठीच्या या भेटींतली शेवटची बेचाळिसाव्या दिवशी असते. म्हणजे कासाईंच्या मुदतीला अजून अठरा दिवस शिल्लक असतात.