मॉरिस मायनरची वीज: नवे भाग, जुने भाग

ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात १९४८ साली मॉरिस मायनर बनू लागली. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही छोटी, गोलमटोल गाडी पुढे सोळा लाखांहून जास्त संख्येने रस्त्यावर आली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तिचंच पहिलं रूप ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने विकलं. आज ती जिथे जपली जाते, तिथे पत्रा, रंग आणि गाद्यांवर मालक जीव ओततात. गाडी रस्त्यात दगा देते ती मात्र बहुतेकदा मुठीत मावणाऱ्या एखाद्या विजेच्या भागामुळे, आणि पुष्कळदा तो भाग नवाकोरा असतो.

रोटरचंच बघा. डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध फिरणारा हा बोटाएवढा तुकडा इग्निशन कॉइलकडून आलेली हजारो व्होल्टची वीज पाळीपाळीने चारही प्लगकडे वाटतो. वर पितळी पट्टी, खाली पोलादी दांडा आणि दोन्हींच्या मधे इन्सुलेशनचा जेमतेम थर. नव्याने बनवलेल्या बऱ्याच रोटरमध्ये ही पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि त्या रिव्हेटचं टोक दांड्याच्या फारच जवळ जातं. इंजिन थंड असताना सगळं सुरळीत चालतं. तासाभराने चढावर इंजिन तापलं, की ठिणगी तो थर भेदून थेट दांड्यात उतरते आणि गाडी जागीच बंद पडते. झाकण उघडून पाहिलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. रोटर उलटा करून आतल्या बाजूला भिंग लावलं, की टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका सापडतो. यावर उपाय म्हणून काही कारागिरांनी रिव्हेट नसलेले लाल रोटर बाजारात आणले आणि ते टिकतात. दिसायला मूळ रोटरसारखे नाहीत, तरी मी तेच घ्यायला सांगेन.

मायनरच्या विजेचं बहुतेक सामान बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीचं. सायकलच्या ‘किंग ऑफ द रोड’ दिव्यांवर मोठी झालेली ही कंपनी पुढे जवळपास सगळ्या ब्रिटिश मोटारींना डायनमो, सेल्फ, दिवे आणि स्विच पुरवू लागली. १९६१ साली टीव्हीएस समूहाबरोबर चेन्नईत लुकास-टीव्हीएस उभी राहिली, तेव्हापासून आपले गॅरेजवालेही हे नाव रोज घेतात. लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवायची इंग्रजांची जुनी सवय. मला ती अन्यायाची वाटते. साठ वर्षं जुन्या गाडीतले बहुतेक दोष लुकासने केलेले नसतात. मधल्या मालकांनी कापलेल्या, पिळून जोडलेल्या आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरींचे ते दोष असतात.

म्हणूनच वायरिंगचा पूर्ण जुडगा मात्र नवाच घ्यावा. इथे नवी नक्कल जुन्या मालापेक्षा सरस आहे. वरून तीच सुती वीण, तेच रंग, आत मात्र आजची पीव्हीसी वायर. रंगांची भाषा एकदा कळली की मिस्त्रीला नकाशा लागत नाही: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून पुढे गेलेली, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थिंगची. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अपर, लाल रेघ असेल तर डिपर.

जुना जुडगा ओढून काढण्याआधी त्याच्या शेपटाला मजबूत दोरी बांधायची, म्हणजे तीच दोरी नव्या वायरींना बॉडीच्या पोकळीतून मागच्या दिव्यांपर्यंत घेऊन जाते. काढलेला जुडगा फेकायचा नाही. जमिनीवर पसरून त्याच्या शेजारी नवा ठेवायचा आणि एकेक फांदी जुळवून पाहायची. मायनरच्या विजेच्या मांडणीत वर्षागणिक बदल होत गेले. १९६१पर्यंत तर वळण दाखवायला दाराच्या खांबातून बाहेर येणारे हात होते. त्यामुळे ‘मायनरसाठी’ एवढंच लिहिलेला जुडगा तुमच्या गाडीला नेमका बसेलच असं नाही.

जोडणी होते ती छोट्या पितळी गोळ्यांनी. वायरच्या टोकाला साधारण पावणेपाच मिलिमीटर जाडीची गोळी सोल्डर करायची किंवा दाबून बसवायची आणि रबरी आवरणातल्या नळीत दोन्ही बाजूंनी ढकलायची. गोळी ‘टक्’ करून बसली पाहिजे, ओढली तर सहज निघता कामा नये. नवीन नळ्यांमध्ये इथेच फसगत होते. काहींचा पत्रा इतका पातळ असतो की गोळी आत खुळखुळते. एखाद्या ढिल्या जोडात ०.२ ओहमचा अडथळा असला, तर दोन्ही हेडलाइटना लागणाऱ्या सुमारे सात अँपिअर प्रवाहाला तिथे १.४ व्होल्ट गमवावे लागतात. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो. पण बल्बला बाराऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले की उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटतो. मग मालक जास्त वॅटचे बल्ब घालतो, प्रवाह वाढतो, जोड आणखी तापतो.

नव्याने रंगवलेल्या गाडीत याच दुखण्याचं दुसरं कारण दडलेलं असतं. परतीचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून जातो आणि रंगाचा थर त्याला अडवतो. रंगारी जेवढा मनापासून काम करणारा, तेवढी अर्थिंग खराब! प्रत्येक अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडायचा, बोल्ट घट्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. नव्या रंगावर ओरखडा काढायला मालकाचा हात धजत नाही. तो धजायलाच हवा.

फ्यूजची गोष्ट तर घर जाळणारी. मायनरमध्ये फ्यूज दोनच, ३५ अँपिअरचे, आणि हेडलाइट त्यांच्यात येतच नाहीत. लुकासच्या मोजणीत ३५ हा फ्यूज उडण्याचा आकडा; सतत वाहायचा प्रवाह फक्त १७ अँपिअर. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा आकडा छापलेला असतो. म्हणजे ‘पस्तीसला पस्तीस’ म्हणून बसवलेला फ्यूज शाबूत राहतो आणि वायर वितळते.

दुसरा सापळा उलट्या अर्थिंगचा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. डायनमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या जुन्या आरबी १०६ कटआउटमध्ये नुसती दोन वेटोळी आणि संपर्कबिंदू, त्याला दिशेचं देणंघेणं नाही. नवे कटआउट बाहेरून हुबेहूब असतात, पण काहींच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि बॅटरी उलटी जोडली की ते क्षणात जळतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटचंही तेच. डायनमो बदलला किंवा रिवाइंड केला, तर गाडी सुरू करण्याआधी त्याला दिशा द्यावी लागते: धन टोक बॉडीला जोडलेल्या गाडीत त्याच्या ‘एफ’ टोकाची वायर काढून तिथे बॅटरीच्या ऋण टोकाची वायर क्षणभर दोन-तीनदा टेकवायची, बारीक ठिणगी उडते, काम झालं.

कंडेन्सर, पॉइंट, रोटर हे झिजणारे भाग, ते नवे घेण्यावाचून इलाज नाही. कंडेन्सर बसवण्याआधी मीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास भरतोय का ते पाहावं आणि चालू निघालेला जुना डिकीत ठेवावा. डायनमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटरची बॉडी, कटआउट यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: मूळ भाग दुरुस्त होण्याजोगा असेल तर नवी नक्कल घेऊ नये. लुकासने ते उघडता येतील असेच बनवले होते. बुश बदलता येतात, आर्मेचर गुंडाळता येतं. आपल्याकडे रिवाइंडिंग करणारे कारागीर अजून गावोगावी आहेत, याबाबत इंग्लंडमधल्या हौशी मालकांपेक्षा आपण सुदैवी.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळू लागला आहे, त्यामुळे परसात झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतील आणि त्यांना सुटे भाग लागतील. तुमच्या घरी, आजोबांच्या पेटीत किंवा बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर लुकासचा गंजलेला डायनमो किंवा डिस्ट्रिब्युटर पडून असेल, तर तो भंगाराच्या भावाने काढू नका. त्याच्या अंगावर मॉडेल क्रमांक आणि बनल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. ते पुसून वाचा, चिठ्ठीवर लिहून भागाला बांधा आणि जवळच्या जुन्या गाड्यांच्या क्लबला कळवा.