कामात रमलेले मूल आणि शाळेची घंटा

पोळा जवळ आला की खेड्यातील मुलांच्या हातांना माती लागते. हिंगणा तालुक्यात नाल्याकाठची चिकणमाती आणून बैल घडविणाऱ्या एखाद्या मुलाकडे दुरून पाहावे. त्याला हाक ऐकू येत नाही, भुकेची आठवण राहत नाही. वाळताना शिंग तडकले तर तो रडत बसत नाही; पाणी लावून पुन्हा वळतो. हाच मुलगा वर्गात दहा मिनिटेही स्थिर बसत नाही, अशी तक्रार असणे अगदी शक्य आहे. तेव्हा दोष मुलाच्या चंचलपणाचा की त्याच्यापुढे ठेवलेल्या कामाचा, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावयास हवा.

या अवस्थेला आपल्या भाषेत तल्लीनता म्हणतात. 'तंद्री लागली', 'भान हरपले' हे शब्दप्रयोग तिचेच वर्णन करतात. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शस्त्रवैद्य अशा अनेकांकडून या अनुभवाची माहिती घेतली व 1975 साली आपले विवेचन ग्रंथरूपाने मांडले. त्याने या अवस्थेस 'प्रवाह' असे नाव दिले. ती येण्यास तीन गोष्टी साह्य करतात. पहिली, काय करावयाचे ते स्पष्ट ठाऊक असणे. दुसरी, आपले काम साधले की बिघडले हे तत्काळ कळणे. तिसरी, कामाची कठीणता व करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसणे. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो. फार अवघड असेल तर मन धास्तावते. मातीच्या बैलात या तिन्ही गोष्टी आपोआप जमून येतात. बैल कसा दिसतो हे मुलाला पक्के ठाऊक असते, चूक झाली की माती स्वतःच सांगते, आणि मोठे शिंग जमेना तर तो लहान शिंग करू शकतो.

शिक्षणक्षेत्रात ही गोष्ट त्याही पूर्वी लक्षात आली होती. डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोम येथे बालगृह सुरू केले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्या त्यांच्या खाचांत बसविण्यात गुंतली होती. इतर मुलांना भोवती गाणी म्हणावयास लावले, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचे काम थांबले नाही. माँटेसरींनी मोजले तेव्हा तिने ती कृती 44 वेळा केली. काम संपल्यावर ती थकलेली नव्हती, तर समाधानी होती. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले. महागड्या साहित्यावाचून, खडे, बिया, पाने यांच्या साह्यानेही मूल कामात रमते, हे त्यांनी दाखवून दिले. खेड्यातील शाळेला यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

हिंगण्यापासून वर्धा दूर नाही. तेथे 1937 च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगासाठी दररोज 3 तास 20 मिनिटे सुचविली होती. आजच्या शाळेला एवढा वेळ देणे शक्य नाही. परंतु हाताच्या कामाला सलग वेळ हवा, हे त्यामागील तत्त्व जुने झालेले नाही. मन कामात उतरण्यास काही वेळ लागतो. ते उतरते न उतरते तोच घंटा वाजली, तर मुलाला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. असे रोज घडले, तर मूल मनःपूर्वक काम करण्याचेच सोडून देते. ही हानी परीक्षेच्या गुणपत्रकात दिसत नाही, म्हणून ती अधिक गंभीर होय.

यासाठी पुढील गोष्टी सहज करता येतील.

1. चित्र, मातीकाम, निबंध किंवा परिसरनिरीक्षण यांसाठी आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून घ्याव्यात.

2. एकाच कामाच्या दोन-तीन पायऱ्या ठेवाव्यात. ज्याला गाय काढणे जमते त्याने गोठा काढावा; ज्याला जमत नाही त्याने घागर काढावी.

3. मूल रमलेले असताना चूक दाखवू नये आणि शाबासकीही देऊ नये. दोहोंनी त्याचे लक्ष कामावरून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे वळते. बोलावयाचे ते काम संपल्यावर बोलावे.

4. काम थांबवावेच लागले, तर पाच मिनिटे आधी सूचना द्यावी व अपुरे काम दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवावे.

द्विशिक्षकी शाळेत हे कसे साधावे, अशी शंका येईल. वस्तुतः तेथेच याचा लाभ अधिक आहे. एक इयत्ता कामात गुंतली म्हणजे दुसरीला वाचन शिकविण्यास शिक्षक मोकळा होतो.

मात्र गोंगाटातील मौज म्हणजे तल्लीनता नव्हे, आणि खिडकीबाहेर शून्य पाहणेही नव्हे. रमलेल्या मुलाचे हात व डोळे एकाच ठिकाणी असतात. पाढे, शुद्धलेखन यांचा सराव प्रत्येक वेळी आनंदाचा होईलच असेही नाही. परंतु हात बसल्याखेरीज पुढची तल्लीनता येत नाही, म्हणून तो टाळू नये.

आणखी एक जबाबदारी शिक्षकाची आहे. संत गोरा कुंभार नामस्मरणात दंग होऊन माती तुडवीत असता पायाखाली आलेले मूल त्यांना दिसले नाही, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. भान हरपलेल्याच्या भोवतीचे भान दुसऱ्या कुणी तरी राखावे लागते. कात्री, सुई, विहीर, रस्ता यांवर शिक्षकाची नजर असावी.

पुढील पोळ्यास मुलांनी केलेले बैल शाळेत मांडावेत. ते पाहताना कोणता बैल सुबक झाला, एवढेच न पाहता, तो करताना कोणते मूल रमले होते, याची नोंद शिक्षकाने करावी. 'लक्ष नाही' असा शेरा मिळालेल्या एखाद्या मुलाचे नाव तेथे आढळले, तर तो शेरा खोडण्यास विलंब लावू नये.